मापाचं ब्लाउज

पुण्याहून आल्यापासून गल्लीतल्या प्रत्येकीचा एकच प्रश्न, "शनिवारवाडा बघितला का?" नाही बघितला बाई. पर्वती नाही, सारसबाग नाही, तुळशीबागेत पाऊलसुद्धा टाकलं नाही. पुण्यात मी बघितले झगे. खोटं वाटेल, पण तेवढ्यानं ऊर भरून आला. तोंडानं सांगायला बसले की मध्येच कुणीतरी ब्लाउज घेऊन येतं आणि गोष्ट तिथंच अडकते, म्हणून लिहूनच ठेवते.

मी बार्शीला घरी ब्लाउजं शिवते, पस्तीस वर्षं झाली. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अनुजा वाघोलीच्या एका कॉलेजात फॅशन डिझाइन शिकते. शेवटचं वर्ष. सोमवारी तिचा फोन आला आणि हॅलो म्हणायच्या आधी रडायलाच लागली. शनिवारी तिच्या वर्गाचा शो होता. विषय होता परीकथांच्या सिनेमातले पोशाख आणि मोठी फॅशन. मुंबईहून सिनेमाचे कपडे करणाऱ्या एक डिझायनर बाई येणार होत्या आणि अख्ख्या वर्गातून एकाच मुलाला आपल्याकडं कामाला घेणार होत्या. अनुजाचा खालचा घागरा तयार होता, पण वरची चोळी कापताना कात्री चुकली. कापड तिनं स्वतःच्या हातानं रंगवलेलं. उरल्या कापडात जेमतेम एक चोळी निघत होती.

"मावशी, कात्री धरली की हात थरथरतोय. तू ये."

"येते," म्हटलं. "पण कागदावरच्या मापानं मी शिवणार नाही. जी पोरगी घालणार आहे तिचं मापाचं ब्लाउज मागवून ठेव."

अंगाला नीट बसलेलं एक जुनं ब्लाउज बाई आणून देते आणि त्यावरून आम्ही नवं बेततो, ते मापाचं ब्लाउज. टेपेचं माप मला पटत नाही. टेप लावली की बाया श्वास ओढून धरतात आणि मग आठ दिवसांनी ब्लाउज घट्ट झालं म्हणून माझ्याशी भांडतात.

वाघोली, बुधवार

दुपारी स्वारगेटला उतरले. तिथून शहर बसनं वाघोली. कंडक्टरला दोनदा सांगितलं होतं, "वाघोली आली की सांगा हो." तो म्हणाला, "आजी, मोठी पाटी आहे, वाचता येतं ना?" वाचता येतं. पण पाटी डाव्या बाजूला आणि मी उजव्या खिडकीत. दोन थांबे पुढं गेले आणि उन्हात उलटी चालत आले. रस्त्याच्या दोन्ही अंगाला उंच उंच इमारती, मध्येच एखादं ज्वारीचं वावर, त्या वावरात 'येथे लवकरच' असा फलक. एका म्हाताऱ्यानं रस्ता सांगितला. "कालेज हाय न्हवं, सरळ जावा. पोरं चित्रविचित्र कापडं घालून दिसली की समजा आलं," म्हणाला. खूण अगदी बरोबर निघाली.

अनुजानं मला आधी खोलीवर नेलंच नाही. हात धरून थेट कॉलेजच्या लांब व्हरांड्यात नेलं आणि मी पिशवी हातात घेऊनच उभी राहिले. भिंतीला ओळीनं झगे. सगळे पोरांनी केलेले. एक समुद्रातल्या राजकन्येचा होता, त्याचा घेर लाटेसारखा निळा आणि कडेला फेसासारखी पांढरी झालर. एक चेटकिणीचा. काळा, पण नुसता काळा नाही, आत जांभळं अस्तर असं लावलेलं की चालताना विस्तव फुंकल्यागत दिसावं. बाई बाई, कसलं काम होतं! मी एकेका शिवणीवरून हात फिरवत होते आणि अनुजा मागं ओढत होती, "मावशी, हात नको लावूस." शिंप्याला हात लावू नको म्हणजे खवय्याला नुसता वास घे म्हणण्यातला प्रकार.

तिथंच तिच्या रानडे मॅडम भेटल्या. बारीक अंगाच्या, सुती साडी, बोलणं तोलून मापून. मी विचारलं, सिनेमातल्या परीचा आणि या मोठ्या फॅशनवाल्यांचा संबंध काय?

"फार जवळचा," त्या म्हणाल्या. "सिनेमात राजकन्या एक घेरदार झगा घालते. पुढच्याच वर्षी मोठ्या डिझायनरांच्या शोमध्ये तशी बाही, तसा गळा दिसायला लागतो. आणि आणखी वर्षभरानं रिसेप्शनला नवरी त्याच घेरात स्टेजवर. उलटही होतं. मोठे डिझायनर सिनेमासाठी झगे करून देतात. आपण ब्लाउजचा प्रिन्सेस कट शिवत असाल ना?"

"आठवड्याला दहा."

"परदेशातल्या एका मोठ्या शिंप्यानं खऱ्या राजकन्येसाठी तो कट काढला असं सांगतात. नाव तिथून आलं."

मी खुर्चीच शोधली. म्हणजे बार्शीतल्या निम्म्या बायकांना मी इतकी वर्षं राजकन्या करून पाठवत होते आणि मला पत्ताच नाही.

मग अनुजानं तिचं चित्र दाखवलं. शाप सुटतो त्या क्षणाचा पोशाख. घागरा खालच्या काठाला राखेच्या रंगाचा, वर येता येता उजळत जाणारा, आणि चोळी लख्ख सोनेरी. जरीचा एक तार नाही, नुसता रंग.  मी तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "चोळी होईल ना गं?" तिच्या आवाजावरून कळलं की पोरगी तीन दिवस धड जेवलेली नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती, ती आधी पुढ्यात ठेवली.

कसबा पेठ, गुरुवार

दुसऱ्या दिवशी अनुजानं मला कसब्यात नेलं, हेंद्रे मास्तरांकडं. अठ्ठ्याहत्तरीचे आहेत. नाटकांना आणि शाळांच्या गॅदरिंगला कपडे भाड्यानं देण्याचं त्यांचं दुकान. पुण्यात त्याला ड्रेपरी म्हणतात. ड्रेपरीतही परी आहेच, असं मी म्हटलं तर अनुजानं कपाळावर हात मारला. तरुणपणी मास्तरांनी एका परीकथेच्या सिनेमाचे कपडे शिवले होते आणि त्यातल्या राजकन्येचा झगा अजून त्यांच्याकडं आहे.

गल्ली एवढी अरुंद की समोरून भांड्यांची हातगाडी आली आणि आम्ही एका देवळाच्या पायरीवर चढून उभ्या राहिलो. पायरीवर बसलेल्या बाई म्हणाल्या, "चपला काढून चढा." गाडी गेल्यावर म्हणाल्या, "आता उतरलात तरी चालेल." पुण्याबद्दल ऐकलं होतं ते सगळं खरं आहे, आणि मला ते फार आवडलं. आमच्याकडं हेच सांगायला अर्धा तास आणि दोन शिव्या लागतात.

मास्तरांनी कपाटातून पांढऱ्या धोतरात गुंडाळलेला झगा काढला. अनुजानं मोबाइल काढला तशी त्यांनी नजर वर केली. "फोटो राहू द्या. देवानं डोळे दिलेत, आधी ते वापरा."

डाळिंबी मखमल. छातीवर टिकल्यांचा मोर, एकेक टिकली सुट्ट्या टाक्यानं लावलेली, एवढ्या वर्षांत चार-दोनच गळलेल्या. पंख वेगळे होते, ते मच्छरदाणीच्या कापडाचे आणि आत छत्रीच्या काड्या. मास्तरांनी ते खांद्यावर धरून किंचित हलवले आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. मच्छरदाणी आहे हे दिसत होतं, तरी आला.

"आता मागून बघा," मास्तर म्हणाले आणि झगा उलटा केला.

मागं मखमल नाहीच! साधं मांजरपाट, वरपासून खालपर्यंत नाड्या.

"अहो, हे काय?" मी म्हटलं.

"सिनेमाला पाठ नसते, ताई. कॅमेरा पुढं. पैसा, मेहनत, मखमल, सगळं पुढं. मागं नाड्या आवळल्या की कुठलीही नटी बसते." मग अनुजाकडं वळून, "तुमच्या त्या रॅम्पवर पाठ दिसते?"

"हो मास्तर. वळून परत जायचं असतं."

"मग अवघड आहे तुमचं," मास्तर म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

निघताना मी वाकून नमस्कार केला. माझ्या अंगात तसली सवय नाही, पण त्या मोराला केला म्हणा. परतताना मिसळ खाल्ली. चांगली होती, फक्त रस्सा गोडसर. अनुजाला विचारलं, यात साखर घातलीय का? ती म्हणाली, "हळू बोल." माझ्या तिखटाच्या सवयीला पुण्यात एवढा एकच धक्का बसला.

वाघोली, शुक्रवार

अनुजा सकाळीच तालमीला गेली. जाताना दारातून ओरडली, "रियाचं ब्लाउज खुर्चीवरच्या पिशवीत आहे!" रिया म्हणजे शोला चोळी-घागरा घालून चालणारी मुलगी. बाहेरून येणारी, शनिवारीच उगवणार होती. तिनं कुरिअरनं ब्लाउज पाठवलं होतं. मापाचा कागदही होता, पण तो सेंटिमीटरमध्ये. माझ्या टेपेच्या दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर आहेत. उलटी करून बघायला काय जात होतं? पण नाही. कागदाचा मला पहिल्यापासून राग.

आणि कामाला बसायच्या आधी मी खोली आवरली. काय करणार, तीन पोरी राहतात, खुर्चीवर डोंगर, कॉटखाली डोंगर. त्यात माझ्या हाताला चैन पडत नाही. सगळं उचललं, घड्या केल्या, पिशव्या कपाटात लावल्या, केर काढला. मग कपाटातून ब्लाउजाची पिशवी काढली. खुर्चीवर एक पिशवी होती की दोन, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

ते ब्लाउज मी उलटसुलट केलं आणि नाक मुरडलं. कापड बरं, पण शिवण! मुंढ्याला, म्हणजे काखेच्या गोलाईला, चुणी पडलेली. टक, म्हणजे छातीपाशी घालतात त्या चिमट्या, एक वर, एक खाली. पण माप मिळत होतं, आणि त्या पोरीच्या अंगात हे बसतंय म्हणजे झालं, असं म्हणून मी कात्री चालवली. कापड इतकं कमी होतं की आत सोडायला माया नव्हतीच. आम्ही शिवणीत जे जादा कापड ठेवतो ना, पुढं उसवून सैल करायला, ते शून्य. एकदा कापलं की कापलं. पण चोळी अशी उतरली! सोनेरी कापड हातात पाण्यासारखं वळत होतं. संध्याकाळी शेवटचा हूक लावला तेव्हा पस्तीस वर्षांत इतकं नेटकं काम झालं नव्हतं हे मला ठाऊक होतं.

अनुजा आली, चोळी बघून नाचलीच. मी फुशारले आणि जीभ सुटली.

"पण ते पिशवीतलं ब्लाउज कुठल्या शिंप्यानं शिवलंय गं? मुंढ्याला चुणी, टक वाकडे. असल्या हातांना मशीनला शिवू देऊ नये."

अनुजानं चोळी खुंटीला अडकवली. "थकलेय," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

वाघोली, शनिवार

सकाळी रिया आली. गोड पोरगी, पण उंच! मान वर करून बोलावं लागत होतं. चोळी तिच्या अंगात घातली आणि मागचे हूक एकमेकांपासून चांगले वीतभर लांब राहिले. बाह्या दंडात रुतल्या. मी ओढून बघितलं, रियानं श्वास धरून बघितला.

"आंटी, इट्स ओके, पिन लावू या का?" ती म्हणाली. पण पिना लावायला मध्ये कापड तर हवं. आणि वळल्यावर पाठ दिसणार होती.

अनुजानं कपाट उघडलं, दोन पिशव्या काढल्या. एकीतून एक मोठं निळं ब्लाउज निघालं. दुसरीतलं माझ्या शिवणाच्या सामानापाशी पडलं होतं, तेच चुणीवालं. ती खालीच बसली.

"मावशी, हे रियाचं. तू माझं घेतलंस."

 शो दुपारी चारला, कापड बोटभर शिल्लक नाही, आणि पोरीची चार वर्षं मी खोली आवरायच्या नादात घालवली होती. मी म्हटलं, "अनू, मला मार." तिनं मारलं नाही, ती रडलीही नाही, उठून रियाच्या अंगातली चोळी अलगद उतरवायला लागली. त्या अवस्थेतही माझ्या तोंडातून काय निघावं? "तू ब्लाउज दुसऱ्याकडं शिवून घेतलंस?" आता सांगायला लाज वाटते. 

तेवढ्यात रानडे मॅडम आल्या. मी सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अनुजाला म्हणाल्या, "घालून दाखव."

"मी?"

"माप तुझं आहे ना?"

अनुजानं चोळी घातली. हूक आपोआप लागल्यासारखे लागले. कुठं चुणी नाही, कुठं ताण नाही. मॅडमनी तिला गोल फिरवलं, पाठीवर बोट टेकवलं. मग माझ्याकडं वळल्या.

"परदेशातली सगळ्यात महागडी शिवणघरं काय करतात माहीत आहे? प्रत्येक गिऱ्हाइकाच्या अंगाचा कापडी पुतळा करून ठेवतात आणि त्यावर शिवतात. तो झगा त्या एकाच माणसाला बसतो. मोठी फॅशन म्हणजे मुळात एवढंच. तुमचं मापाचं ब्लाउज वेगळं काय आहे?" आणि अनुजाला, "तू चालशील."

"मॅडम, माझी उंची पाच फूट नाही!"

"राजकन्येची उंची कुठल्या गोष्टीत लिहिलीय?"

पण घागरा रियाच्या उंचीचा. अनुजाच्या पायाखाली तो हातभर लोळत होता, आणि खालून कापला तर राखेचा रंगच जाणार. इथं मात्र माझं डोकं चाललं. नऊवारीत जादा कापडाचं काय करतो आपण? कंबरेला खोचतो. मी घागऱ्याचं वरचं कापड पुढून गोळा केलं, ओच्यासारख्या चुण्या घातल्या आणि आतून हातशिलाईनं पक्क्या केल्या. मागं थोडा लोळता ठेवला. रिया शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती आणि मध्ये मध्ये अनुजाला चालायला शिकवत होती, "शोल्डर्स मागे. घाबरलीस तरी हळूच चाल." स्वतःचं काम गेलं होतं तिचं, तरी. देव तिचं भलं करो.

चार वाजता दिवे लागले. चेटकीण गेली, समुद्र गेला, टाळ्या पडल्या. मग अनुजा आली. आधी पायाशी राख, मग वर चढत जाणारा उजेड, कंबरेला ओचा, आणि सोनं. हात थरथरत होते. मी बघत होते, तिनं ते घागऱ्यात लपवले नाहीत. टोकाला जाऊन वळली. पाठ दिसली. एकही सुरकुती नव्हती. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमची कोण?" "भाची," म्हटलं आणि टाळ्या वाजवत राहिले.

मुंबईच्या डिझायनर बाईंनी अनुजाला पुढं बोलावलं. तो ओचा उलटून बघितला, पाठीची शिवण बघितली. "हे कुणी बेतलं?"

"रंग, घागरा, कल्पना माझी. चोळी मावशीनं शिवली. ती रियासाठी होती, चुकून माझ्या मापाची झाली," अनुजानं सरळ सांगून टाकलं. मला वाटलं, संपलं. त्या बाई हसल्या. म्हणाल्या, "सिनेमाच्या सेटवर रोज सकाळी असंच होतं. मला शिवणारी माणसं मिळतात, निभावणारी मिळत नाहीत." आणि संध्याकाळी फळ्यावर एकच नाव लागलं. अनुजाचं.

स्वारगेट, रविवार

सकाळी अनुजा मला सोडायला आली. बार्शीची गाडी लागलेली होती. मी खिडकीची जागा धरली, ती खाली उभी. सगळं गोड झालं होतं, पण माझ्या मनातली ठसठस जाईना. शेवटी विचारलंच.

"रागावणार नाही, सांग. ते ब्लाउज कुणाकडं शिवलंस?"

ती पायानं जमीन टोकरत राहिली. मग म्हणाली, "मी शिवलंय."

"काय?"

"पहिल्या वर्षी. माझं पहिलं ब्लाउज. तू आलीस की दाखवायचं म्हणून काढून ठेवलं होतं. मग शुक्रवारी तू म्हणालीस, असल्या हातांना मशीनला शिवू देऊ नये. मला वाटलं, आवरताना नजरेस पडलं असेल; माप त्याचंच घेतलंस हे डोक्यातच आलं नाही."

 पोरीनं पहिलंवहिलं शिवलेलं, चार वर्षं जपून ठेवलेलं, आणि मी त्याला नावं ठेवली होती. वर त्याच्याच आधारावर माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम बेतलं होतं. शुक्रवारी रात्री ती भिंतीकडं तोंड करून का झोपली ते आता कळलं.

"आहे का आत्ता जवळ?" मी विचारलं.

तिनं सॅकमधून काढलं.

मी पिशवी उचलली आणि गाडीतून उतरले. कंडक्टर ओरडला, "आजी, गाडी सुटतेय!" सुटू दे म्हटलं. फलाटावरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. मी पर्समधून सुई आणि छोटी कात्री काढली, ब्लाउज उलटं करून मांडीवर घेतलं आणि मुंढ्याची शिवण उसवायला लागले.

"माया चांगली सोडलीयस की गं," मी म्हटलं. "बघ आता, चुणी कुठून येते ते दाखवते."